गवान, महमूद

गवान, महमूद : (सु. १४११–५ एप्रिल १४८१). बहमनी राज्याचा वजीर, फारसी गद्यलेखक व विद्येचा थोर आश्रयदाता. पूर्ण नाव ख्वाजा इमादुद्दीन महमूद गीलानी. जन्म इराणमधील गीलान प्रांतातला. व्यापाराच्या निमित्ताने तो सु. १४५३ मध्ये दाभोळ बंदरात उतरला आणि पुढे बीदरला येऊन दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशाहाच्या सेवेत राहिला. हुमायूनशाहाने त्याला ‘मलिक-उत्-तुज्जार’ हा किताब दिला. तिसऱ्या मुहम्मदशाहाच्या कारकिर्दीत राज्याची सूत्रे त्याच्या हाती आली.

१४७२ मध्ये त्याने गोवा जिंकले. राज्याच्या चार तरफांच्या (प्रांतांच्या) त्याने आठ केल्या. त्यांत वऱ्हाडच्या गाविलगड व माहूर अशा दोन तरफा झाल्या. माहूर आज नांदेड जिल्ह्यात आहे. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या किल्लेदारांकडे सोपवल्याने सरदारांच्या सत्तेला लगाम बसला.

पत्रलेखन ही फारसी साहित्यातील मानाची कला. गवानने तिचे शास्त्र मनाझिर-उल-इन्शा या ग्रंथात मांडले. रियाज-उल-इन्शा हा त्याचा पत्रसंग्रह. कवी व सूफी जामी आणि उस्मानी सुलतान दुसरा मेहमेद यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. ही पत्रे दख्खनच्या इतिहासाचे अव्वल साधन आहेत.

१४७२ मध्येच बीदरचा त्याचा तीनमजली मदरसा पूर्ण झाला. व्याख्यानाची दालने, ग्रंथालय, मशीद आणि अध्यापक-विद्यार्थ्यांच्या निवासाच्या खोल्या यांची रचना इराणी धर्तीची असून दर्शनी भागावर रंगीत चकाकत्या फरश्यांचे काम आहे. औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग ढासळला.

दख्खनी व परदेशी (आफाकी) सरदारांच्या वैरात गवानचा बळी गेला. त्याची मोहोर असलेल्या कागदावर विरोधकांनी ओरिसाच्या राजाच्या नावे बनावट पत्र लिहिले. शहानिशा न करता सुलतानाने कोंडापल्ली येथे त्याचा वध करविला. त्यानंतर वर्षभरातच सुलतान वारला आणि बहमनी राज्याची शकले होऊ लागली.

बीदरचा मदरसा आज कर्नाटकात असला, तरी तो मराठवाड्याचाही वारसा आहे. मराठवाड्यातील अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते.