माऊसची कळ आणि बळजबरी : लुफ्तान्सा खटला, २००१–२००६

१/ २० जून २००१. लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीच्या भागधारकांची वार्षिक सभा सुरू असताना, सकाळी दहा ते बारा या वेळेत तिच्या संकेतस्थळावर एक ठिय्या दिला गेला. १३ हजारांहून अधिक आयपी पत्त्यांवरून तेच पान पुन्हा पुन्हा मागवले गेले. स्थळ मंदावले, काही काळ उघडेनासे झाले. कोणी आत शिरले नाही, काही चोरले नाही. दिवस व वेळ आधीच जाहीर होती.

२/ रोष हद्दपारीवर होता. आश्रय नाकारलेल्यांना जर्मन सरकार याच कंपनीच्या प्रवासी विमानांतून परत धाडत असे. २८ मे १९९९ रोजी आमिर अगीब या सुदानी तरुणाला असेच बांधून, डोक्यावर मोटारसायकलचे हेल्मेट चढवून विमानात बसवले होते. सोबतच्या सीमा पोलिसांनी त्याची मान खाली दाबून धरली. तो गुदमरून मेला.

३/ आंदोलनाच्या आवाहनाचे संकेतस्थळ ज्याच्या नावावर होते, त्या कार्यकर्त्यावर खटला भरला गेला. पण कलम कोणते लावायचे? सरकार पक्षाने 'बळजबरी'चे कलम २४० निवडले आणि या गुन्ह्यास चिथावणी दिल्याचा आरोप ठेवला. या कलमाला बळाचा वापर किंवा धमकी लागते. १ जुलै २००५ रोजी फ्रँकफर्टच्या कनिष्ठ न्यायालयाने माऊसची कळ दाबणे हेही बळच ठरवले आणि ९० दिवसांच्या मिळकतीइतका दंड ठोठावला. तर्क ताणलेला होता, हे आज सहज दिसते.

४/ जर्मनीत या वादाला जुनी पार्श्वभूमी होती. रस्त्यावर नुसते बसून राहणे म्हणजे बळ का, यावर तेथील घटना न्यायालयाने १९९५ मध्येच निकाल दिला होता : केवळ शारीरिक उपस्थितीचा मानसिक दबाव म्हणजे बळ नव्हे. २२ मे २००६ रोजी फ्रँकफर्टच्या वरिष्ठ प्रांतिक न्यायालयाने कार्यकर्त्याला निर्दोष सोडले. पान न उघडल्याने कोणाच्याही शरीरावर जोर येत नाही. म्हणून बळ नाही, आणि धमकीही नाही.

५/ विजय अल्पायुषी ठरला. ऑगस्ट २००७ मध्ये दुरुस्त कायदा लागू झाला. हानीच्या हेतूने नुसती माहिती पाठवून दुसऱ्याची महत्त्वाची संगणक यंत्रणा मोठ्या प्रमाणात विस्कळीत करणे हाही आता स्वतंत्र गुन्हा झाला.

६/ त्याच दुरुस्तीतील २०२क या नव्या कलमाने गुन्ह्याच्या तयारीसाठी हॅकिंगची साधने बनवणे व पुरवणेही दंडनीय केले. यामुळे हादरले ते आंदोलकांहून वेगळेच लोक : मालकाच्या संमतीने यंत्रणेतील भोके शोधणारे सुरक्षातज्ज्ञ. कुलूप तपासणाऱ्याची आणि घरफोड्याची हत्यारे एकच असतात! प्रकरण घटना न्यायालयात गेले. १८ मे २००९ रोजी न्यायालयाने तक्रारी दाखल करून घेतल्या नाहीत. मात्र दोन्ही कामी येणारी साधने या कलमात मोडत नाहीत, असे स्पष्ट केले. तज्ज्ञांना दिलासा मिळाला. ठिय्या देणाऱ्यांसाठी २००६ ची पळवाट मात्र बंदच राहिली.