अण्णासाहेब लठ्ठे : संस्थानातून इलाख्यात

कुरुंदवाडास १८७८ मध्ये जन्मलेले अण्णासाहेब लठ्ठे एम.ए., एल्‌एल्.बी. होऊन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापक झाले. १९१४ च्या डांबर प्रकरणाचे किटाळ त्यांच्यावर आले. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याचे नाकारून भाऊराव पाटलांनी छळ सोसला, हे सर्वश्रुत आहे. लठ्ठ्यांनी बेळगावी वकिली मांडली. अंतर थोडे, परंतु हद्द ओलांडताच दरबारच्या मर्जीऐवजी इलाख्याचा कायदा लागे, आणि कायदेमंडळाची वाटही तेथूनच जात होती. त्या वाटेने ते प्रथम मध्यवर्ती विधिमंडळात गेले.

ज्यांचे राज्य सोडावे लागले त्या शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. ते भाटाचे लेखन नव्हे; म्हणूनच त्याचे साक्षमूल्य आम्हांस अधिक वाटते. पुढे राजाराम महाराजांनी त्यांना दिवाणपद दिले.

१९३७ मध्ये ते खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. दारूबंदीने अबकारीचे उत्पन्न बुडू लागताच त्यांनी १९३९ मध्ये शहरी स्थावर मिळकतींवर १० टक्के कर बसवून घरमालकांचा रोष पत्करला. त्याच नोव्हेंबरात मंत्रिमंडळ गेले. कर मात्र राहिला.