व्यसनोपचार न्यायालये

मादक पदार्थांच्या वा मद्याच्या व्यसनापायी गुन्हा करणाऱ्या व्यक्तीस केवळ तुरुंगवासाची शिक्षा न देता, न्यायाधीशाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली ठराविक मुदतीचे उपचार घ्यावयास लावणाऱ्या खास न्यायालयांना व्यसनोपचार न्यायालये म्हणतात. उपचार पूर्ण करणाऱ्या आरोपीवरील दोषारोप काढून टाकला जातो किंवा त्याची शिक्षा कमी वा रद्द केली जाते. उपचार सोडून देणाऱ्याचा खटला मात्र पुन्हा नेहमीच्या मार्गाने चालतो. अशा प्रकारचे पहिले न्यायालय १९८९ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्यात मायामी येथे स्थापन झाले.

पूर्वपीठिका : व्यसनी व्यक्ती ही रुग्ण मानावयाची की गुन्हेगार, हा प्रश्न अमेरिकेत १९१४ च्या हॅरिसन अधिनियमापासून चर्चेत होता. या अधिनियमाने अफू व कोकेन यांच्या व्यवहारावर नियंत्रण आणले आणि त्याच्या अंमलबजावणीतून असंख्य व्यसनी तुरुंगात गेले. त्यांच्यासाठी केंद्र शासनाने केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये आणि टेक्सस राज्यात फोर्ट वर्थ येथे १९३८ मध्ये खास रुग्णालये उघडली. लेक्सिंग्टनच्या संस्थेत शिक्षा झालेले कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण एकत्र राहत. ती एकाच वेळी रुग्णालयही होती आणि तुरुंगही. तेथून बाहेर पडलेल्यांपैकी बहुतेकजण आपल्या पूर्वीच्या वस्तीत परतल्यावर पुन्हा व्यसनाकडे वळत. कारण बाहेर त्यांच्यावर देखरेख ठेवणारी यंत्रणा नव्हती.

१९६२ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. व्यसनी असणे हाच गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. आजारी असल्याबद्दल कोणालाही शिक्षा देता येणार नाही, हे यामागील तत्त्व होते. मात्र राज्याला उपचार सक्तीचे करता येतील, असेही न्यायालयाने सूचित केले. पुढे १९७२ मध्ये डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे व्यसनी आरोपींना न्यायालयाकडून उपचार केंद्रांकडे पाठविण्याची केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. तीत न्यायालय व उपचार केंद्र यांच्यात दुवा निर्माण झाला. तथापि आरोपीच्या प्रगतीत न्यायाधीशाचा स्वतःचा सहभाग नव्हता.

मायामी येथील प्रयोग : १९८० नंतरच्या दशकात क्रॅक हा धूम्रपानाद्वारे घेता येणारा कोकेनचा प्रकार अमेरिकी शहरांत झपाट्याने पसरला. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकच्या व्यापाराबद्दल किमान पाच वर्षांचा कारावास विहित केला. साध्या कोकेनच्या बाबतीत तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम ही मर्यादा होती. राज्यांनीही कठोर धोरणे स्वीकारली. परिणामी तुरुंग भरून गेले, खटले तुंबले आणि शिक्षा भोगून सुटलेले आरोपी काही महिन्यांतच पुन्हा न्यायालयासमोर उभे राहू लागले. मायामी हे कोकेनच्या चोरट्या आयातीचे प्रमुख केंद्र असल्याने तेथे ही परिस्थिती विशेष बिकट होती.

तेथील मुख्य न्यायाधीश जेरल्ड वेदरिंग्टन यांनी न्यायाधीश हर्बर्ट क्लाइन यांच्याकडे या प्रश्नाचा अभ्यास सोपविला. सरकारी अभियोक्त्या जॅनेट रीनो यांनी योजनेस पाठिंबा दिला आणि नव्या न्यायालयाचे काम न्यायाधीश स्टॅन्ली गोल्डस्टाइन यांच्याकडे आले. मादक पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेल्या, परंतु हिंसक गुन्ह्यांची पार्श्वभूमी नसलेल्या आरोपींनाच येथे प्रवेश होता. प्रथम शरीरातील विषाचा निचरा, नंतर समुपदेशन व अखेरीस शिक्षण आणि रोजगारासाठी साहाय्य, असे सुमारे वर्षभराचे टप्पे आखण्यात आले. सूचिचिकित्सेचाही (ॲक्युपंक्चर) उपयोग करण्यात आला.

कार्यपद्धती : या न्यायालयात न्यायाधीश, अभियोक्ता, बचावाचा वकील, परिवीक्षा अधिकारी व उपचारतज्ञ हे एका गटाप्रमाणे काम करतात. सुनावणीपूर्वी ते प्रत्येक आरोपीच्या प्रगतीचा आढावा घेतात. आरोपीस प्रारंभी दर आठवड्यास वा पंधरवड्यास हजर राहावे लागते. तो वकिलामार्फत न बोलता न्यायाधीशाशी स्वतः बोलतो. लघवीची तपासणी वारंवार व पूर्वसूचनेशिवाय होते. प्रगती दिसल्यास जाहीर प्रशंसा होते व हजेरीचे बंधन सैल केले जाते. नियमभंग झाल्यास ताकीद, समाजसेवेचे काम किंवा काही दिवसांची कैद अशा चढत्या क्रमाने उपाय योजतात. व्यसनाकडे पुन्हा वळणे हा आजाराचाच भाग मानला जात असल्याने एका चुकीमुळे आरोपीस सहसा काढून टाकले जात नाही. उपचार पूर्ण झाल्यावर भर न्यायालयात समारंभपूर्वक प्रमाणपत्र देण्याची प्रथा आहे.

तात्त्विक आधार व प्रसार : कायदा व त्याची अंमलबजावणी यांचा माणसाच्या मनःस्वास्थ्यावर बरावाईट परिणाम होतो व तो विचारात घेतला पाहिजे, असा विचार डेव्हिड वेक्सलर व ब्रूस विनिक या विधिज्ञांनी १९८७ नंतर मांडला. तो उपचारात्मक न्यायशास्त्र या नावाने ओळखला जातो. मायामीचा प्रयोग व्यवहाराच्या निकडीतून जन्मला होता. त्याला सैद्धांतिक बैठक या विचाराने पुढे मिळाली. रीनो १९९३ मध्ये केंद्रीय महान्यायप्रतिनिधी झाल्या आणि १९९४ च्या गुन्हेनियंत्रण कायद्याने अशा न्यायालयांना केंद्रीय अनुदान उपलब्ध झाले. हिंसक गुन्हेगारांना त्यातून वगळण्यात आले. १९९७ मध्ये या न्यायालयांची दहा मूलतत्त्वे प्रसिद्ध झाली. २०१४ च्या अखेरीस त्यांची संख्या तीन हजारांवर गेली होती. याच धर्तीवर फ्लॉरिडातील ब्रॉवर्ड कौंटीत १९९७ मध्ये मनोरुग्ण आरोपींसाठी, तर न्यूयॉर्क राज्यातील बफलो येथे २००८ मध्ये माजी सैनिकांसाठी न्यायालय सुरू झाले. कॅनडात टोरांटो (१९९८) व ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स (१९९९) येथेही व्यसनोपचार न्यायालये स्थापन झाली.

फलनिष्पत्ती व आक्षेप : ओजमार मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १५४ मूल्यमापनांचा एकत्रित आढावा घेतला. नेहमीच्या पद्धतीत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्के धरल्यास या न्यायालयांतील प्रौढांच्या बाबतीत ते सुमारे ३८ टक्क्यांपर्यंत उतरते, असे त्यांना आढळले. अल्पवयीनांच्या बाबतीत मात्र लाभ बराच कमी होता.

या पद्धतीवर गंभीर आक्षेपही आहेत. तुरुंगाची भीती समोर असताना दिलेली संमती खरोखर ऐच्छिक म्हणता येईल काय, हा पहिला होय. बचावाचा वकील गटाचा घटक बनल्याने आरोपीच्या हक्कांची बाजू दुबळी होते, हा दुसरा. जेथे आधी गुन्हा कबूल करावा लागतो, तेथे उपचारात अपयशी ठरलेल्यास खटला लढविण्याची संधीही उरत नाही. उपचारांची सोय झाल्यामुळे पूर्वी सोडून दिले जाणारे लोकही पकडले जाऊ लागतात, अशी टीका डेन्व्हरचे न्यायाधीश मॉरिस हॉफमन यांनी २००० मध्ये केली. अनेक न्यायालयांनी मेथॅडोन व ब्युप्रेनॉर्फिन ही अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरील मान्यताप्राप्त औषधे घेण्यास मनाई केली होती. वैद्यकीय निर्णय न्यायाधीशाने घेण्यातील धोका यातून उघड झाला. अशी मनाई करणाऱ्या न्यायालयांना केंद्रीय अनुदान न देण्याची अट २०१५ मध्ये घालण्यात आली.

भारत : गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये विशेष न्यायालयांची तरतूद आहे, परंतु तिचा हेतू खटले त्वरित निकालात काढणे हा आहे. उपचारांचा विचार याच अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आढळतो. सेवनाच्या वा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीस तिच्या संमतीने, शिक्षा न देता, शासकीय वा शासनमान्य रुग्णालयात उपचारांसाठी बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार न्यायालयास आहे. तिने एका वर्षाच्या आत न्यायालयापुढे हजर होऊन उपचारांचा अहवाल सादर करावयाचा असतो. कलम ६४ अ नुसार अशा गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेत असल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. मायामीच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असलेली न्यायाधीशाची आठवड्या-पंधरवड्याची देखरेख या तरतुदींत अभिप्रेत नाही.