मागे उरतो तो मित्राचा आवाज

गेलेल्या मित्राविषयी बोलायची आपल्या मराठीतली रीत फार जुनी आहे. तिचा उगम शोधायला निघालं, की पावलं थेट नामदेवांपाशी येऊन थांबतात. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. त्यांत ज्ञानदेवांची थोरवी आहेच, पण मागे राहिलेल्यांची तळमळ अधिक आहे. तीर्थयात्रेत ज्याच्यासोबत पायपीट केली, तो आता दिसणार नाही, हे साधं माणसाचं दुःख त्यांत आहे.

नामदेवांची दुसरी कथा त्याहून हलवून टाकणारी. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते. भिंत कोसळली आणि मजुरांसोबत तेही गाडले गेले. परंपरा सांगते, की नामदेव तिथे गेले, ढिगारा उपसला आणि चोखोबांची हाडं वेचून पंढरपूरला आणली. महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. इतक्या हाडांमधून चोखोबांची ओळखायची कशी? ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती चोखोबांची! ज्याला जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्याला मित्रानं निदान देवळाच्या दारात जागा मिळवून दिली.

मित्रावर लिहायचं म्हणजे काय, हे या कथेइतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही. माणूस गेला की मागे ढिगारा उरतो. जन्ममृत्यूच्या तारखा, पदं, सत्कार, देणीघेणी, भांडणं. त्यातून ज्यात त्याचा आवाज आहे, तेवढंच वेचून आणायचं.

आधुनिक काळात हे काम वर्तमानपत्रांनी आणि पुस्तकांनी केलं. आचार्य अत्रे यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी दैनिक ‘मराठा’ सुरू केला. मोठा माणूस गेला, की अत्रे काय लिहितात याची लोक वाट बघत. त्यांच्या मृत्युलेखांचं पुस्तकच आहे, ‘समाधीवरील अश्रू’. पु. ल. देशपांडे यांचं ‘गणगोत’ १९६६ साली आलं. त्यातले बेळगावचे रावसाहेब आठवा. कानडी हेलाची मराठी, तोंडात शिव्या आणि आत गाण्या-नाटकासाठी जीव टाकणारं काळीज. इतिहासाच्या पुस्तकात या गृहस्थांचं नाव आलं नसतं. पण एका मित्रानं लिहिलं, म्हणून ते महाराष्ट्राच्या घराघरांत जाऊन बसले. थोरांवर लिहिणारे पुष्कळ मिळतात. साध्या माणसाला मात्र मित्रच लागतो.

हे सगळं आठवताना माझं मन १९६९ सालाशी अडखळतं. त्या वर्षी १३ जूनला अत्रे गेले. पस्तीस दिवसांनी, १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले. आणखी बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात शाहीर अमर शेख गेले. सत्त्याहत्तर दिवसांत महाराष्ट्राचे तीन बुलंद आवाज बंद पडले. जो इतरांवर मृत्युलेख लिहायचा तोच आधी गेला. ज्यांच्यावर त्यानं लिहायचं, ते पाठोपाठ निघाले.

अण्णाभाऊ आणि अमर शेख यांची जोडी कशी जमली, हे पाहण्यासारखं आहे. अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले. शाळा जेमतेम दीड दिवसाची. आईबापांबरोबर चालत मुंबईला आले. अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गाण्याचा वारसा आईकडून आलेला. बसवर क्लीनर म्हणून राबले, गिरणीत राबले. या दोघांना तिसरे मिळाले द. ना. गव्हाणकर, आणि १९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ उभं राहिलं. गावं वेगळी, जात वेगळी, धर्म वेगळा. एकत्र आणलं ते डफानं आणि कामगारांच्या चाळींनी.

तो काळ आमच्या ठाणे जिल्ह्यासाठीही मोठा होता. १९४५च्या जानेवारीत कल्याणजवळ टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले. पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली. १ मे १९६० रोजी राज्य झालं, त्यामागे हुतात्म्यांचं रक्त होतं आणि या शाहिरांचे गळेही होते. अण्णाभाऊ लिहीत, अमर शेख ते मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवीत. अण्णाभाऊंचे शब्द आणि अमर शेखांचा आवाज ही वाटणी कुठे संपते आणि मैत्री कुठे सुरू होते, हे सांगणं कठीण.

आज काय दिसतं? ‘फकिरा’चे लेखक म्हणून अण्णाभाऊ घरोघरी ठाऊक आहेत. २०२० साली त्यांची जन्मशताब्दी झाली, चौकाचौकांत त्यांची छायाचित्रं असतात. अमर शेखांची शताब्दी त्याआधी चार वर्षं झाली, ती मात्र आपल्यातल्या किती जणांना आठवते? ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह मागितले तर पुस्तकाच्या दुकानात विक्रेता आपल्याकडेच बघत राहतो. गव्हाणकर म्हटलं की कोण ते सांगावं लागतं. तिघे एका मंचावर उभे राहत होते, आणि आपण त्यांना तीन वेगवेगळ्या कप्प्यांत टाकलं. एकाला त्याच्या समाजानं सांभाळलं. दुसऱ्याला कुठल्या कप्प्यात ठेवावं ते आपल्याला उमगलं नाही. मुसलमान म्हणावा तर पोवाडे मराठी मातीचे, मराठी म्हणावा तर नाव शेख. मी मराठीत कविता लिहितो, तेव्हा ‘तुम्ही मराठीत कसे?’ हा प्रश्न मलाही विचारतात. अमर शेखांना त्यांच्या मित्रांनी हे विचारल्याचं कुठे वाचलेलं नाही. मित्र असा प्रश्न विचारत नाहीत.

मला अमर शेख पुस्तकातून कळले नाहीत. ते कळले कोलशेतच्या रेतीबंदरावर. तिथे एक काका होते, आगरी. तरुणपणी खाडीत डुबी मारून रेती काढायचे. बादली घेऊन तळाशी जायचं, ती भरायची आणि श्वास संपायच्या आत वर यायचं. त्यांच्यात आणि माझ्यात पंचवीस वर्षांचं अंतर, तरी मैत्री झाली. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी अमर शेखांना ऐकलं होतं. लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण पोवाडे चालीसकट पाठ. संध्याकाळी होडीच्या काठावर बसून ते सुरू झाले, की पलीकडच्या काठावरचा माणूस मान वळवून बघायचा.

मी त्यांना नवी कविता वाचून दाखवत असे. ते म्हणायचे, “कविता बरी हाय, पन तुजा दम मधीच सुटतो. डुबी मारतांना आमी दम सोडला, तं वर कोन येनार?” वाक्य कुठवर न्यायचं आणि श्वास कुठे घ्यायचा, हे मला बी. ए.च्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. ते या काकांनी शिकवलं, आणि त्यांना अमर शेखांनी. ईदला ते शिरखुर्म्याचा वाटा हक्कानं मागून घ्यायचे. होळीला त्यांच्या घरून पुरणपोळी यायची. याचं आम्हा दोघांना कधी कौतुक वाटलं नाही, शेजार होता तो.

काका काही वर्षांपूर्वी गेले. डुबीवाल्यांचं काम सक्शन पंपांनी आधीच खाल्लं होतं. कोलशेत रस्त्यावरच्या कारखान्यांच्या जागी आता उंच इमारती आहेत, आणि त्यांत राहायला आलेल्यांना इथे खाडीकाठी कुणी गात होतं हे ठाऊक असायचं कारण नाही. काकांचा आवाज कुणी टेपवर घेतलेला नाही. माझ्याकडे आहे ती एका वहीत उतरवलेली त्यांची बोलणी आणि कविता वाचताना नेमका श्वास घेण्याची सवय.

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेलच. ज्यावर अग्रलेख येणार नाही, ज्याच्या नावानं चौक होणार नाही. तो बोलतो ते आजच, त्याच्याच शब्दांत उतरवून ठेवा. त्याचं मोठेपण सिद्ध करायच्या फंदात पडू नका. तो हसायचा कसा, रागवायचा कशावर, त्यानं आपल्याला काय दिलं, एवढं पुरे. नामदेवांनी ढिगाऱ्यातून सगळी हाडं आणली नव्हती. ज्यांतून नाम ऐकू आलं, तेवढीच आणली होती.