देवघरांतील मूर्ति व तिचें स्थान

भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेकांठीं पवनी येथें १९६९-७० सालीं उत्खनन होऊन जगन्नाथ टेकडीवरील प्राचीन स्तूप उजेडांत आला. अशा जुन्या वसाहतींत स्त्रीमूर्ति मिळाली कीं तीस तत्काळ 'देवी' म्हणण्याचा प्रघात आहे. तो कितपत ग्राह्य, हें रोमन पुराव्यावरून पाहूं.

इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलेल्या पाँपेई नगरांत घरोघरचीं देवघरें जागच्या जागीं सांपडलीं. गृहरक्षक लार-देवता, व्हीनस इत्यादिकांच्या लहान मूर्ति रोमन लोक घरीं पूजीत. तेथें स्थानच साक्षी आहे. त्याच नगरांत १९३८ सालीं एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली व तीस 'लक्ष्मी' हें नांव पडलें. परंतु तिच्या मस्तकीं उभें छिद्र आहे. त्यावरून ती एखाद्या वस्तूचा आधार किंवा मूठ असावी. तत्सदृश हस्तिदंती मूर्ति तेर व भोकरदन येथेंही मिळाल्या आहेत.

सारांश, केवळ रूपावरून देवत्व ठरविणें धाडसाचें होय. आपल्या देवघरांतील टाकही स्थानभ्रष्ट झाला कीं परक्यास नक्षीचा पत्राच दिसेल. यास्तव संग्राहकांस आमची विनंति कीं, पवनीकडे मूर्ति दृष्टीस पडल्यास ती हलविण्यापूर्वीं कोठें, किती खोल व कशासमवेत आहे, हें टिपून ठेवावें.