संसद आणि नागरिक: डिजिटल दुव्याने काय साधते, काय नाही

मतदान दर पाच वर्षांनी होते. मधल्या काळात आपले म्हणणे संसदेपर्यंत कसे न्यायचे? ब्रिटनच्या संसदेने ई-याचिकेतून याचे एक उत्तर शोधले आहे. आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी ते समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

ब्रिटनमधील ई-याचिका

२०१५ पासून तेथील सरकार आणि हाऊस ऑफ कॉमन्स मिळून याचिकांचे एकच संकेतस्थळ चालवतात. ब्रिटिश नागरिक किंवा तेथील रहिवासी पाच समर्थक मिळवून याचिका मांडू शकतो. ती सहा महिने स्वाक्षऱ्यांसाठी खुली राहते. १०,००० स्वाक्षऱ्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देते. १ लाख झाल्या की तिच्यावर संसदेत चर्चा घ्यायची का, याचा विचार याचिका समिती करते.

मात्र याला मर्यादा आहे. २०१९ मध्ये ब्रेक्झिट रद्द करण्याच्या याचिकेवर ६० लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. १ एप्रिलला चर्चाही झाली, पण सरकारने भूमिका बदलली नाही. ई-याचिका उत्तर मिळवून देते. निर्णय मिळवून देईलच असे नाही.

आपल्याकडची दारे

लोकसभा आणि राज्यसभेत याचिका समित्या आहेत. पण ठरावीक स्वाक्षऱ्या झाल्या की सरकारने उत्तर द्यायचे, अशी व्यवस्था नाही. तरीही तीन मार्ग वापरता येतात:

१. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. हे धोरण आहे, कायदा नाही. म्हणून मसुदा आला नाही तर तो मागावा लागतो.

२. संसदीय समित्या विधेयकांवर लेखी निवेदने मागवतात. ती ई-मेलनेही पाठवता येतात.

३. खासदारांचे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर असतात. शिष्यवृत्ती किंवा अत्याचाराच्या गुन्ह्यांचे राज्यवार आकडे तेथे शोधावेत.

लोक लिहीत नाहीत, असे नाही. महाराष्ट्रात जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या.

कोण बाहेर राहतो?

संसदीय समित्यांच्या जाहिराती सहसा इंग्रजी किंवा हिंदीत निवेदन मागतात. वस्तीतली सफाई कामगार महिला आपला अनुभव मराठीत सांगते. तिच्या हातात मोबाइल आला, तरी समितीचे दार तिच्यासाठी उघडत नाही. दुवा डिजिटल झाला म्हणून तो सर्वांचा होत नाही, हे आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना पाहतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी घटनात्मक मार्गांचा आग्रह धरला होता. निवेदन हा त्यातलाच एक मार्ग. प्रत्येक विहारात दोन-तीन शिकलेल्या तरुणांनी एवढे काम घ्यावे: समित्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायचे, लोकांचे म्हणणे मराठीत लिहून घ्यायचे, भाषांतर करून मुदतीत पाठवायचे आणि पोच जपून ठेवायची.