परवानाधारक मद्यविक्रीच्या जागेची झडती : बपेऱ्याच्या सीमेवरील दोन कायदे

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेरा हे मध्य प्रदेशच्या सीमेलगतचे गाव होय. १९५६ पूर्वी ही राज्यसीमा नव्हती. भंडारा व बालाघाट हे जिल्हे एकाच प्रांतात मोडत, आणि १९१५ चा मध्य प्रांत अबकारी कायदा ही तेथील मद्यव्यवहाराची मुख्य चौकट होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मुंबई राज्यात गेला. पुढे १९५९ च्या विस्तार अधिनियमान्वये १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा विदर्भास लागू झाला. बालाघाटात मात्र १९१५ चाच कायदा मध्य प्रदेशच्या नावाने चालू राहिला.

ह्या दोन कायद्यांची बैठक भिन्न आहे. पहिला महसुलासाठी विक्रीचे नियमन करतो. दुसऱ्यात बंदी हा नियम असून परवाना हा त्यास अपवाद आहे. तथापि तपासणी आणि झडती ह्यांतील भेद दोहोंकडे महत्त्वाचा ठरतो. दुकानातील साठा व हिशेबवह्या पाहू देणे हे परवान्याबरोबरच येणारे बंधन होय. झडतीला मात्र गुन्ह्याच्या संशयाचा आधार लागतो. वॉरंट मिळेपर्यंत आरोपी निसटेल वा पुरावा दडविला जाईल असे वाटल्यास, १९१५ च्या कायद्यानुसार अधिकृत अधिकारी वॉरंटाविना प्रवेश करू शकतो; परंतु आपल्या समजुतीची कारणे त्याने आधी नोंदविली पाहिजेत. १९४९ च्या कायद्याचे कलम ११७ झडतीस फौजदारी प्रक्रिया संहितेचे नियम लावते. मात्र साक्षीदार त्या वस्तीतील नव्हते, एवढ्याच कारणाने झडती बेकायदेशीर ठरत नाही, असेही ते सांगते. लहान गावात, जेथे पंच आणि दुकानदार एकमेकांस ओळखतात, तेथे ह्या सवलतीचे प्रयोजन सहज ध्यानी येते; परंतु तिच्यामुळे नागरिकाचे एक संरक्षण सैल होते, हेही खरे.

नियमभंग झाल्यास काय? राधाकिशन खटल्यात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, झडती सदोष असली तरी जप्ती त्यामुळे निरर्थक होत नाही. मात्र अशा झडतीस विरोध करता येईल आणि न्यायालय जप्तीचा पुरावा अधिक काळजीने पारखील. म्हणून नोंदविलेली कारणे व पंचनामा ह्यांवरच प्रकरणाची भिस्त राहते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे दृकश्राव्य चित्रण आवश्यक केले आहे. मद्याचे कायदे दोन राहिले, तरी झडतीच्या साक्षीची ही नवी कसोटी सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखीच आहे.